हंबीररावाचं विमान

विमान उतरवून घ्यायला काय मोठी अक्कल लागत नाही. गवत कापायचं, दगड वेचायचे आणि वारा कुठून येतोय ते वरून दिसावं म्हणून काठीला एक लांब कापडी पिशवी टांगायची. झालं! पण माधवनगरच्या एका गिरणीचे मालक महिन्यातून एकदा आपलं छोटं विमान घेऊन शेजारच्या हंबीररावाच्या कुरणात उतरायचे, तर हा गडी गावभर असा फिरायचा, जणू पंख यालाच फुटलेत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात आमची रंगू म्हणाली, "आवं, हंबीरभाऊजींनी इमानाच्या चाकाला हात लावला म्हणं."

मग मी गिरणीत खेटे घातले. माझं कुरण लांबीला जास्त आहे हे मालकांना पटवलं आणि महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, माघात, त्यांचा होकार आणला. पिशवी रंगूच्या कोऱ्या लुगड्याची शिवली. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ठरलेल्या सकाळी सगळं गाव माझ्या बांधावर, आणि वारा साफ पडलेला. पिशवी लुळी लोंबत होती. हंबीरराव म्हणाला, "सयाजी, पिशवीला उपास हाय का रं?"

लोक हसले. मी पिशवी काढून गवताच्या गंजीआड नेली, तिच्यात उसाचं पाचट ठासलं, आत कळकाची काठी घातली आणि वारा तिकडूनच येतोय असं दिसावं म्हणून तोंड हंबीररावाच्या शेताकडे करून परत ताठ बांधली. लोक म्हणाले, "वारा आला जणू." मी म्हणालो, "आमच्याकडं येतोच."

थोड्या वेळानं खरा वारा सुटला, तो नेमका उलट, माझ्या घराकडून. विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरवतात, मागून वारा लागला तर ते थांबत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. पण पिशवी खाली घ्यावी, तर गावासमोर पाचट बाहेर येणार. मी ती तशीच ठेवली.

मालकांनी पिशवीवर भरवसा ठेवला. विमान माझ्या गवतावर टेकलं, उडालं, परत टेकलं आणि सुटलं ते सुटलंच. बांध फोडून हंबीररावाच्या दारापुढच्या शेणखताच्या खड्ड्यात नाक खुपसून, शेपूट वर करून उभं राहिलं. मालकांना साधं खरचटलंही नाही. "वारा अचानक फिरला," म्हणाले. त्यांना हात देऊन बाहेर काढलं हंबीररावानं, कोंबडं खाऊ घातलं हंबीररावानं. मी तेवढ्यात पाचट जाळून टाकलं.

पुण्याहून मिस्त्री यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर विमान हंबीररावाच्या दारात. कुंडलपासून माणसं बघायला येत होती. बायका त्याला हळदकुंकू लावत होत्या. आमची रंगू तर त्याची ओटी भरून आली!

दहाव्या दिवशी मला राहवेना. भर गर्दीत उभा राहून सांगितलं, "आरं, हे इमान म्या पाडलंय. पिशवीत पाचट म्या भरलं, म्हणून ते हितं आलं. न्हाईतर माझ्याच कुरणात थांबलं असतं."

हंबीरराव सगळ्यांकडं बघून शांतपणे म्हणाला, "ऐकलं का मंडळी? इमान माझ्या दारात आलं, ते बी याला बघवंना."

लोकांनी माना डोलावल्या. रंगूनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "आवं, चला घरी. लोकाच्या पडलेल्या इमानावर बी जळायचं का आता?"