फूटपाथचा दहावा

आमच्या मधल्या पेठेतला फूटपाथ सोमवारी सकाळी वारला, आणि त्याचे दिवस घालायला महापालिकेने मला नेमलं.

तसा तो बरेच दिवस अंथरुणालाच होता. शहाबादी फरश्या खिळखिळ्या झाल्या होत्या, गटारीकडची बाजू पार लुळी पडली होती. पेठेचं सुशोभीकरण निघालं, मशीन येऊन उभं राहिलं, आणि पहिला घाव बसायच्या आधीच तो गेला. धसक्यानंच गेला असणार. बांधकाम खात्याचे नेर्लेकर साहेब गुडघ्यावर बसले, फरशीवर तळहात ठेवून बराच वेळ थांबले, मग घड्याळ बघून त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, 'काम सुरू होण्यापूर्वीच नैसर्गिकरीत्या मयत.'

आता गेला म्हटल्यावर सुतक आलं. सुतकात नवं काम करायचं नाही, ही अट टेंडरमध्ये असतेच. दुकानांची शटरं अर्धी खाली आली, मिठाईवाल्याने कढई उतरवली. प्रश्न आला वारसाचा. दुकानदार म्हणाले, फूटपाथ महापालिकेचा, त्यांनी बघावं. महापालिका म्हणाली, मालकी आमची, पण नातं आमचं नाही. मग नातं कोणाचं, असं म्हणून सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

मी बॅगांच्या चेनी आणि छत्र्या दुरुस्त करतो. बँकेच्या कोपऱ्यावर बसून बसून माझ्याखालच्या फरशीला खळगा पडलाय. साहेबांनी टेप लावून तो खळगा मोजला आणि म्हणाले, "आप्पा, नातं सिद्ध होतंय. केस काढावे लागतील."

"काढा की," मी म्हटलं. "राहिलेत किती!"

खरं सांगायचं तर मी धंद्यासाठी तिथे बसत नाही. हल्ली चेन बिघडली की लोक बॅगच फेकून देतात. मी बसतो ते माझ्या कुंदासाठी. बारावीत होती. दुपारी माझा डबा घेऊन आली, डबा माझ्यापाशी ठेवला, "आलेच हं आप्पा," म्हणाली आणि गर्दीत गेली. ती गेली ती गेलीच. पोलीस झाले, देवऋषी झाले, तिची आई त्याच काळजीनं गेली. मी मात्र जागा सोडली नाही. पोरगी 'आलेच' म्हणून गेलीय, परत आली आणि बाप जागेवर नसला तर तिने कुठे शोधायचं? घर तर आम्ही त्यानंतर बदललं. तिला ठाऊक असलेली माझी एवढी एकच जागा.

आणि नव्या आराखड्यात नेमकं तिथेच कारंजं होतं.

"साहेब, मी काय पाण्यात बसू?" मी विचारलं होतं.

"आप्पा, फेरीवाल्यांना भाजी मंडईमागे गाळे दिलेत," ते म्हणाले होते. माणूस वाईट नाही. पण मंडईमागे कुंदा कशाला येतेय?

दहाव्याचा विधी नदीवर करायचा की जागेवर, यावर दोन दिवस फाईल फिरली. शेवटी ठरलं, की फरश्यांचे तुकडे अस्थी म्हणून डंपरने नदीत सोडायचे, पण मयत स्थावर असल्यामुळे पिंड जागेवरच ठेवायचा. त्याप्रमाणे मी ओलेत्याने बसलो, पेठेतल्या खरे गुरुजींनी मंत्र म्हटले, आणि माझ्या खळग्यातच केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला. आम्ही सगळे मागे सरलो. जुन्या दिव्याच्या खांबावर एक कावळा येऊन बसला. पिंडाकडे बघत बसला, शिवेना.

"इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "बोला कोणीतरी."

साहेब हात जोडून पुढे झाले. "रंगीत फरश्या लावू. अंधांसाठी पिवळी पट्टी करू. अपंगांसाठी उतार देऊ." कावळा ढिम्म. "एलईडी दिवे, सगळे वॉरंटीचे." कावळ्याने पंखात चोच घातली. कापडवाले शेठ म्हणाले, "आम्ही फूटपाथवर पुतळे मांडणार नाही." पेठेत कोणी कधी दिलं नाही असं वचन होतं ते, पण कावळ्याचाही विश्वास बसला नसावा. नगरसेवक तर नव्या फूटपाथला स्वतःच्या वडिलांचं नाव द्यायला निघाले. तेव्हा कावळ्याने चक्क पाठ फिरवली.

ऊन चढलं. मशीनचा ड्रायव्हर सावलीत घोरायला लागला. शेठ म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा कावळा करून शिववून टाका ना!"

"घरगुती मयताला चालतो," साहेबच म्हणाले. "सार्वजनिक कामात ऑडिटवाले पास करत नाहीत."

पलीकडे लिंबं-मिरच्या विकणारी अनसूयामावशी इतका वेळ पदर डोक्यावर घेऊन बसली होती. ती उठली आणि माझ्यावरच खेकसली. "सगळ्यांना बोलायला लावताय, कर्ते तुम्ही ना? त्याचा जीव कशात अडकलाय ते उभ्या पेठेला ठाऊक आहे. तुमच्यात अडकलाय, आप्पा!"

"माझ्यात कशाला अडकेल?" मी म्हटलं.

मी पिंडासमोर गेलो. त्याला मी एकटा पडेन याची काळजी असेल, असं मला वाटलं. म्हटलं, "बाबा रे, तू काळजी करू नकोस. कारंजं होवो की आणखी काही, मी ही जागा सोडणार नाही. मरेपर्यंत इथेच बसेन."

कावळा उडाला आणि पार बँकेच्या गच्चीवर जाऊन बसला.

सगळे "अरेरे" म्हणाले. मला मात्र त्याचं म्हणणं तेव्हा कळलं. कळलं आणि संताप आला. म्हटलं, वा रे वा! तू सुटलास, आणि आता मलाही उठ म्हणतोस? तूच तर तिला जाताना बघितलंस. तुझ्यावरूनच गेली ना ती? आणि मी रडायलाच लागलो, पेठेच्या मधोमध, ओल्या पंच्यानं, एवढ्या लोकांसमोर. अनसूयामावशीने पाठीवर हात ठेवला. साहेबांनी बूट काढून बाजूला ठेवले. "आप्पा, घाई नाही," ते म्हणाले. मशीनचं भाडं चालू होतं, तरी म्हणाले.

उन्हात पेठ उभी होती. शटरं अर्धी खाली. कढई थंड. माझ्या एकट्याच्या हट्टापायी या सगळ्यांना किती दिवस सुतकात ठेवायचं? आणि तो बिचारा दगड, जन्मभर पायाखाली राहिला, त्याला मेल्यावरही माझ्यापायी लटकवून ठेवायचं?

मी हात जोडले. म्हटलं, "उठतो मी. आजपासून तिची वाट बघणार नाही. परत इथे येणार नाही आणि इकडे बघणारही नाही. जा तू."

कावळा गच्चीवरून सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शटरं वर गेली. साहेबांनी नोंद केली आणि ड्रायव्हरला उठवलं. गुरुजी मला म्हणाले, "आप्पा, आता आंघोळ करायची आणि सरळ घरी जायचं. काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर वचन मोडतं, आणि तो परत अडकतो."

मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. मागे मशीन सुरू झालं. मिठाईवाल्यापर्यंत पोचलो असेन-नसेन, मशीन थांबलं. कोणीतरी बाई ड्रायव्हरला विचारत होती, "अहो, इथे चेनी दुरुस्त करणारे बसायचे, ते कुठे गेले?"

गिऱ्हाईक असेल. आवाज तरण्या बाईचा होता, थोडा घोगरा, खूप लांबून आल्यासारखा. ड्रायव्हर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तिने परत विचारलं, जरा मोठ्याने.

मी चालत राहिलो. मागे बघायचं नसतं.