पेट्रोलच्या काट्यावरचा अंधार

मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. बालाघाटात पुनारामच्या अंगणात उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या मीटरमध्ये पाच नवे एलईडी दिवे बसवण्यात आले. दोन पेटले. तीन पेटले नाहीत.

पाच बाराला शेजारच्या चैतरामकाकांनी तपास हाती घेतला. दिवे बसवताना सूचना देण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. प्रत्येक दिव्यावरची अक्षरं छताकडे आली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता आणि पुनारामने तो पाळला होता.

"घाबरू नको, पुनाराम," काका म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं बिजलीचे मीटर वाचले म्या. आकडा टाकून बिजली चोरनारा एक बी मानूस माह्या नजरेतून सुटला नाई. मले गल्लीत पाहून लोक घरातले पंखे बंद करत. अशी नजर भोपाळले बी नाई भेटत."

लोक पंखे बंद करत, एवढं खरं होतं. नजरेतून कोण सुटलं, याची नोंद उपलब्ध नाही.

पुनारामचं मन नजरेत नव्हतं, घड्याळात होतं. व्हॅन सासऱ्यांची होती. महागूजींनी ती पंधरा दिवस वापरायला दिली होती आणि आज सहाच्या बसने किरनापुरहून येऊन ते ती तपासणार होते. गाडी नीट ठेवलेली दिसली तर किल्ली जावयाकडेच राहणार. नाही तर गाडी किरनापुरला परत. त्यांना खूश करावं म्हणून पुनारामने मीटरमागचे जुने, पिवळट, दमलेले बल्ब काढून गोंदियाहून आणलेले निळे दिवे लावले होते. आता वेगाचा काटा जत्रेतल्या पाळण्यासारखा झगमगत होता आणि पेट्रोलचा काटा ठार अंधारात होता. महागूजी गाडीत बसले की चष्मा सावरून आधी पेट्रोलचाच काटा बघत. इंजिन नंतर.

"हे पाह्य," काकांनी सीटखालून चिमटीत काहीतरी उचललं. "धानाचा दाना. मंजे उंदीर. उंदरानं वायर कुरतडला."

"काका, बालाघाटात कोन्या गाडीत धान नाई?"

काकांनी दाणा खिशात ठेवला. पुरावा म्हणून.

पाच पंचविसाला त्यांचं लक्ष सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेल्या मोबाइलच्या चार्जरकडे गेलं. त्यांचा आवाज खाली आला. "आकडा! दिव्याची बिजली इकडून खेचून राह्यला कोनीतरी."

"तो माहा चार्जर हाय."

"तव्हा तूच चोर. कबूल?"

पुनारामने चार्जर काढला. दिवे पेटले नाहीत. काकांनी त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं.

मग पुनारामने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली. अंधारातल्या जागी जुना बल्ब लावला, पेटला. न पेटलेला एलईडी काढून उजेडातल्या जागी लावला, तोही पेटला. मग सगळे पुन्हा होते तसे लावले.

"जागा बी चांगली, दिवा बी चांगला," तो म्हणाला. "मंग दोघं मिळून काहून नाई पेटत?"

"दोघायचं जमत नाई," काका गंभीरपणे म्हणाले. "किंवा," आणि इथे त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, "हे तुह्या सासऱ्याचं काम असन. मुद्दाम बिघाड करून गाडी देल्ली. परीक्षा घेऊन राह्यला."

"माह्या बाबाचं नाव कोन घेऊन राह्यलं?"

पुनारामची बायको सीता चहा घेऊन दारात उभी होती. पाच सत्तेचाळीस झाले होते. काका एकदम चहाच्या तपासाला लागले. सीतेने वाकून मीटरच्या मागे पाहिलं.

"सगळ्यायची अक्षरं वर काहून?"

"नियम हाय, बाई," काका म्हणाले. "मीटरचं लिहिलेलं सरळ वाचता आलं पाह्यजे."

"तिथं मागं कोन वाचाले जाते? रिमोटचा सेल उलटा टाकला तं टीव्ही लागते का?"

तिने अंधारातला एक दिवा होल्डरमधून ओढला, फिरवला आणि पुन्हा दाबला. अक्षरं जमिनीकडे गेली. पेट्रोलचा काटा निळा झाला.

जुन्या बल्बला उलटंसुलटं सारखंच असतं. एलईडीला अधिक आणि उणं आपापल्या जागी लागतं, आणि या मीटरमधल्या तीन जागांची बाजू उरलेल्या दोन जागांच्या उलट होती. सीतेने बाकीचे दोनही फिरवले. एकूण वेळ दोन मिनिटं. चहा अजून गरम होता.

"चला, शोध लागला," काका म्हणाले. "आता उलटे लावले कोनाच्या सांगन्यावरून, येवढाच तपास बाकी हाय."

पुनाराम त्यांच्याकडे पाहत राहिला. काकांनी आपल्या मागे कोणी उभं आहे का, ते वळून पाहिलं.

सहा वाजून सात मिनिटांनी महागूजी आले. थेट गाडीत बसले, चष्मा सावरला आणि पेट्रोलच्या काट्याकडे वाकले. बाहेर अंधारून आलं होतं. काटा सुईसारखा स्वच्छ दिसत होता.

"जवाईबापू."

"हौ, मामाजी."

"पिवळ्या उजेडात हा काटा मले कधी धड दिसला नवता."

पुनाराम हसला.

"आता साफ दिसते. पाव टाकीच्या बी खाली हाय. मी देल्ली तव्हा अर्धी होती."

पुनाराम हसायचा थांबला. सीतेने पदर तोंडाला लावला. महागूजींनी आणखी थोडा वेळ त्या निळ्या उजेडात चेहरा धरला, दार लावलं आणि "जरा चालवून पाह्यतो" म्हणून एकटेच निघून गेले.

सात चाळीसला किरनापुरहून सीतेच्या भावाचा फोन आला. व्हॅन तिथे पोहोचली आहे. आतापर्यंत ती तीन घरांपुढे थांबली. प्रत्येक ठिकाणी महागूजींनी घरमालकाला शेजारी बसवलं, पुढचे दिवे बंद ठेवून फक्त मीटर दाखवलं आणि "जवायानं लावले" असं सांगितलं. चौथ्या घराकडे गाडी वळली आहे. किल्लीबद्दल ते अद्याप काही बोललेले नाहीत.