इंद्रजित साळोखेला मार्क करण्याची अकरा वर्षं

ब्राझीलचा बचावपटू वाल्देसीर नोगेरा याने कोल्हापूरच्या इंद्रजित साळोखेला सलग अकरा वर्षं चार महिने मार्क केलं, आणि त्या मुदतीत इंद्रजितला हवी असलेली एकही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचू दिली नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. पुण्याच्या दोन वृत्तपत्रांनी ही बातमी 'गंमतजंमत' या सदरात छापली, शेजारी पोहणाऱ्या मांजराचा फोटो होता. जगात कुठल्याही बचावपटूने एवढा काळ एकाच माणसाला रोखून धरलेलं नाही. तेही एकही पिवळं कार्ड न घेता. हे सदर चालवणाऱ्यांना मार्किंग म्हणजे काय, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं. मार्किंग म्हणजे समोरच्या संघातला एक गडी ठरवून घेणं, त्याच्यापासून हातभर अंतरावर राहणं, आणि तो व गोल यांच्यामध्ये कायम आपलं शरीर ठेवणं. एवढंच. ऐकायला सोपं आहे. अकरा वर्षं करून बघावं.

वाल्देसीर मिनास जेराइस राज्यातल्या, चुनखडीच्या खाणी असलेल्या एका गावातला. तिथे तो नऊ हंगाम खेळला. मग गोव्याच्या एका क्लबने त्याला आणलं, तो क्लब दीड वर्षात बंद पडला, आणि कोल्हापूरच्या नागझरी तालीम मंडळाने त्याला एका हंगामासाठी करारावर घेतलं. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या तालमी खेळतात. आखाडा, मारुती आणि फुटबॉल एकाच छपराखाली असतात, आणि तिन्हींवर वस्तादाचा शब्द चालतो. पेठेने वाल्देसीरचं आठ दिवसांत 'देसाई' केलं.

त्या हंगामाचा अंतिम सामना दगडी वेस तालमीशी होता. दगडी वेसचा आघाडीवीर इंद्रजित साळोखे तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्याने स्पर्धेत चौदा गोल केले होते. सामन्याआधी नागझरीचे दौलू वस्ताद वाल्देसीरला मारुतीपुढे घेऊन गेले. त्यांनी नारळ फोडला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या इंद्याला सोडायचं न्हाई. मी सांगंपर्यंत सोडायचं न्हाई."

गोव्याहून आलेल्या गोलरक्षकाने हे शब्दन् शब्द पोर्तुगीजमध्ये सांगितलं. वाल्देसीरने मान डोलावली.

सामना नागझरीने एक-शून्य असा जिंकला. मात्र अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला दौलू वस्ताद खुर्चीत बसल्या बसल्या वारले. खेळाडूंना हे शिट्टी वाजल्यावर कळलं. पेठ एकाच वेळी गुलाल उधळत होती आणि रडत होती. त्या गडबडीत वाल्देसीरला सोडायला कुणी सांगितलं नाही. इंद्रजित मान खाली घालून घरी निघाला, तेव्हा वाल्देसीर त्याच्या हातभर मागे होता.

नवे वस्ताद नेमले गेले. ते मनाने चांगले होते. पण मारुतीपुढे दिलेला शब्द ज्याने दिला त्यानेच मागे घ्यायचा, अशी तालमीची रीत आहे. मागल्या वस्तादाचा शब्द पुढच्याने तोडला, तर उद्या त्याचाही कुणी तोडेल. मुदत न घालता शब्द द्यायला नको होता, हे सगळ्यांनी मान्य केलं. पुढे काय करायचं, यावर तीन बैठका झाल्या आणि चहा झाला.

प्रश्न एकच उरला. मैदानाबाहेर गोल कुठे असतो? इंद्रजितच्या वडिलांनी फुटबॉल संघटनेचे सचिव तिवले सर यांच्याकडे रीतसर अर्ज केला. सर निवृत्त चित्रकला शिक्षक आणि परवानाधारक पंच. त्यांनी नियमपुस्तक दोन वेळा वाचलं आणि जावक क्रमांक टाकून उत्तर दिलं: 'मैदानाबाहेर गोलखांब नसल्याने आक्रमक खेळाडू ज्या वस्तूच्या प्राप्तीसाठी जात असेल, ती वस्तू गोल समजण्यात यावी.'

ह्या पत्राची एक प्रत वाल्देसीरला देण्यात आली. त्याने ती घडी करून मोज्यात ठेवली.

त्या दिवसापासून इंद्रजितने चहाच्या कपाकडे हात नेला, की मध्ये वाल्देसीरचं पाऊल येई आणि कप गटारापलीकडे जाई. बँकेच्या मुलाखतीला इंद्रजित गेला, तेव्हा वाल्देसीर साहेबांच्या टेबलापुढे कमरेत किंचित वाकून उभा राहिला. अर्ज तीन वेळा पुढे आला आणि तिन्ही वेळा खिडकीतून बाहेर गेला. साहेबांनी तक्रार केली नाही. धक्का नाही, शर्ट ओढणं नाही. आक्षेप घेण्यासारखं काही घडलंच नव्हतं. वाल्देसीरचा व्हिसा दरवर्षी 'कामगिरी सुरू' या कारणावर वाढत गेला.

इंद्रजित उपाशी मेला नाही, याचं कारण असं, की नको असलेली गोष्ट गोल ठरत नाही. दुधीची भाजी त्याला बिनविरोध मिळे. कारली मिळत. मटण मात्र अकरा वर्षांत त्याने चाखलं नाही. एकदा त्याने मटणाकडे पाठ करून, मावशीच्या गुडघेदुखीबद्दल बोलत बोलत हात मागे नेला होता. वाल्देसीरने ताट डोक्याने उडवलं.

"सोड की भावा आता," इंद्रजित म्हणाला. "धा वर्सं झाली."

"सोडतो की. वस्तादांनी सांगूदे," वाल्देसीर म्हणाला. एव्हाना तो पेठेतल्या कुणाहीसारखं बोलत होता.

"वस्ताद मेलं, लेका."

"व्हय. म्हणून तर थांबलोय."

साळोख्यांच्या घरी दोन म्हशी होत्या. दूध घालायला संकलन केंद्रावर जाणं इंद्रजितला मुळीच आवडत नसे, त्यामुळे त्या वाटेवर वाल्देसीर त्याला अडवत नसे. नुसता बरोबर चाले. केंद्रावर दुधाची फॅट तपासायला केतकी इंगवले होती. चौथ्या दिवशी इंद्रजितला तिथे जावंसं वाटू लागलं, आणि वाल्देसीर बोळाच्या तोंडाशीच आडवा उभा राहिला. लोक म्हणतात, वाल्देसीरला काही कळत नसे. इंद्रजितचं मन बदललं हे इंद्रजितच्या आईच्या आधी त्याला कळलं होतं.

दूध वेळेवर येईना, म्हणून केतकी स्वतः बोळाच्या तोंडापर्यंत आली.

"हे कोण?" तिने विचारलं.

"देसाई. मला मार्क करतात," इंद्रजित वाल्देसीरच्या खांद्यामागून म्हणाला.

तिने वाल्देसीरला नीट न्याहाळलं. "काय हो देसाई, मला पण मार्क करायला सांगितलंय काय तुम्हाला?"

"न्हाई ताई. तुमचं काय सांगितलं न्हाई."

"मग मी रोज इथपर्यंत येते," केतकी म्हणाली. ती सहा वर्षं आली.

सहाव्या वर्षी तिच्या वडिलांनी, हिंदुराव इंगवल्यांनी, हात टेकले. इचलकरंजीचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा सरकारी नोकरीत होता आणि मोकळा होता. त्यांनी केतकीला मुदत दिली. मे महिन्यातल्या सतरा तारखेच्या मुहूर्तावर इंद्रजितशी लग्न लागलं तर लागलं. मुहूर्त टळला, तर दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला होकार जाणार. "मंगळसूत्र त्यानं स्वतः घालायचं," हिंदुराव म्हणाले. "गळ्यात पडलं तर जावई. न्हाईतर राम राम."

सतरा तारखेला मंगल कार्यालयात सहाशे माणसं होती. डावीकडे नागझरी बसली, उजवीकडे दगडी वेस. नागझरीने वाल्देसीरला नवा फेटा बांधला होता. कित्येकांना वाटलं, हा दिवस तरी तो सोडेल. असं वाटणाऱ्यांनी त्याची कारकीर्द पाहिलेलीच नव्हती. चांगला बचावपटू अंतिम सामन्यात ढिला पडत नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला केतकी, दुसऱ्या बाजूला वाल्देसीर, आणि त्याच्या हातभर मागे इंद्रजित. सहाशे माणसांच्या अक्षता मुख्यतः वाल्देसीरवर पडल्या. अंतरपाट दूर झाला. वाल्देसीर झाला नाही.

केतकीने हार वरून फेकला. तो वाल्देसीरच्या फेट्यावरून जाऊन इंद्रजितच्या गळ्यात अचूक पडला. याला हरकत नव्हती. तिला मार्क करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. उजवीकडून टाळ्या पडल्या.

"आता मंगळसूत्र," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "अकरा मिनिटं आहेत."

इंद्रजितने डावीकडे झुकांडी दिली आणि उजवीकडून निघाला. वाल्देसीर उजवीकडे होता. इंद्रजित थांबला, मागे फिरला, होमाच्या बाजूने आला. वाल्देसीर होमाच्या बाजूला होता. अकरा वर्षांत इंद्रजितची प्रत्येक झुकांडी त्याने पाहिली होती. पहिल्यांदा मंगळसूत्र केळीच्या खांबापाशी गेलं, दुसऱ्यांदा सनईवाल्यांच्या मांडीवर. दोन्ही वेळा इंद्रजितच्या मामांनी ते परत आणून दिलं.

"पास दे की, इंद्या!" दगडी वेसमधून कुणीतरी ओरडलं.

"लग्नात कुणाला पास देतोस रं, गाढवा?" त्याच्या बायकोने त्याला खाली बसवलं.

"चार मिनिटं," भटजी म्हणाले.

इंद्रजितच्या मुंडावळ्या सुटून कानाला लोंबत होत्या. तो वाल्देसीरसमोर उभा राहिला. दोघांचाही श्वास फुलला होता. एक बत्तीस वर्षांचा, दुसरा पंचेचाळिशीचा.

"देसाई, ती जाणार उद्या," इंद्रजित म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मला दुसरं काय बी नको. मटण नको, नोकरी नको. एवढंच हवंय."

"म्हणून तर अवघड हाय, भावा," वाल्देसीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने पाय किंचित फाकवले, वजन चवड्यांवर घेतलं आणि वाट पाहिली.

तेव्हा केतकी हलली. शालू एका हाताने वर धरून ती पाटावरून उतरली, मांडवाच्या कडेने वळसा घेत वाल्देसीरच्या पाठीमागे गेली आणि त्याला अगदी खेटून उभी राहिली. बचावपटूची नजर चेंडूवर असते. पाठीमागे कोण आलं हे त्याला दुसऱ्या बचावपटूने ओरडून सांगायचं असतं. वाल्देसीरला अकरा वर्षांत दुसरा बचावपटू मिळालेला नव्हता. ही नागझरी तालमीची चूक आहे, आणि ती कुणीही कबूल केलेली नाही.

"टाक!" केतकी ओरडली.

इंद्रजितने मंगळसूत्राचा हूक अडकवला आणि ते उंच फेकलं. ते जास्तच उंच गेलं. ते मागच्या खुर्च्यांत पडलं असतं. वाल्देसीरने त्याला जाऊ द्यायला हवं होतं, हे नंतर सगळेच म्हणाले. पण त्याने आयुष्यात डोक्यावरून काही जाऊ दिलेलं नव्हतं. त्याने उडी मारली. मंगळसूत्र त्याच्या कपाळावर आपटलं, मागे उडालं आणि केतकीच्या गळ्यात पडलं.

सनई थांबली. वाल्देसीर खाली बसला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"हे चालत नाही," भटजी म्हणाले. "वराने घालायचं असतं."

"शेवटी कपाळ कुणाचं लागलं, त्याचं लग्न!" नागझरीतून आवाज आला. दगडी वेस उठून उभी राहिली. हिंदुराव इंगवले दोन्ही बाजूंकडे बघत राहिले.

पहिल्या रांगेतून तिवले सर उठले. त्यांनी आहेराची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि खिशातून नियमपुस्तक काढलं.

"शेवटचा स्पर्श बचावपटूचा," ते म्हणाले. "म्हणजे हा स्वयंगोल."

"आवं पण सर, लग्न लागलं का न्हाई?" हिंदुरावांनी विचारलं.

"लागलं. स्वयंगोल वैध असतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने मोजतात, म्हणजे इंद्रजितच्या. नोंद मात्र ज्याने केला त्याच्या नावावर होते."

"म्हणजे माझी पोरगी इंद्रजितची, आणि लग्न ह्या देसायाच्या नावावर?"

"नियमाप्रमाणे, हो."

हिंदुराव फेटा काढून घाम पुसू लागले. "असलं कुठं असतंय, सर?"

"बाबा," केतकी गळ्यातलं सरळ करत म्हणाली, "नाव कुणाचं बी लागूदे. बाजू कुणाची ते बघा."

हिंदुरावांनी थोडा वेळ बाजू बघितली. मग फेटा परत डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "पंगती बसवा."

विवाह नोंदणी कार्यालयात यावर दोन तास खल झाला. शेवटी प्रमाणपत्रात वराच्या रकान्यात इंद्रजितचं नाव आलं आणि शेरा या रकान्यात 'वा. नोगेरा, स्वयं' असं लिहिलं गेलं. शिक्का स्पष्ट उमटला आहे. जगातल्या कुठल्याही संघटनेने वाल्देसीरच्या आकडेवारीत आधीची अकरा वर्षं मोजलेली नाहीत, हा स्वयंगोल मात्र चार संकेतस्थळांवर तत्परतेने चढला आहे. याबद्दल त्यांपैकी तिघांना पत्रं गेली आहेत, उत्तर आलेलं नाही.

संध्याकाळी वरात साळोख्यांच्या दारात पोहोचली. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं होतं. केतकीने उजवा पाय उचलला.

"थांबा," तिवले सर म्हणाले. "गोल झाल्यावर सुरुवात कुणाकडून होते?"

केतकीने पाय खाली ठेवला.

"ज्यांनी गोल खाल्ला त्यांच्याकडून," सर म्हणाले.

केतकी बाजूला झाली. वाल्देसीर पुढे आला. सबंध दिवसात त्याने कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. इंद्रजितच्या आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, "उजवा पाय हं, देसाई. हळू."

त्याने माप पायाने हळूच लवंडलं. तांदूळ घरात सांडले. मग त्याने चटकन मागे येऊन इंद्रजितसमोरची आपली जागा घेतली, आणि नवरा-नवरी एकाच वेळी त्याच्या दोन बाजूंनी उंबरा ओलांडून आत गेले.