शिंगाचा रंग

"गाडीला कुणाचं बोट जरी लागलं, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस!" ड्रायव्हर चिमाजीला एवढं बजावून साहेब बायकोसह भोसरीच्या मारुतराव पाटलांकडे पोळ्याचं जेवायला आत गेले. मोटार पांढरीशुभ्र, कोरी करकरीत. निदान साहेबांनी बायकोला, आणि बायकोने म्हणजे कुसुमताईंनी साऱ्या पिंपरीला तसं सांगितलं होतं.

बोट कुणाचंच लागलं नाही. शिंग लागलं.

गावातल्या कोंडाजीचा बैल सजून देवळाकडे निघाला होता. शिंगांना यंदा हिंगूळ नव्हता. मेव्हण्याने कारखान्यातून आणलेला लालभडक ऑइलपेंट होता. त्या ओल्या रंगाने खाज सुटली असावी. बैलाने मोटारीच्या दारावर शिंग मनसोक्त घासलं आणि तो पोराटोरांबरोबर पुढे गेला.

"मेलो, कोंडाजी! नोकरी गेली माझी!" चिमाजी रडायलाच आला.

"आरं, गप. राकेल हाय की!"

रॉकेलने रेघेचा हातभर पट्टा झाला.

"पुसायला सांगितलं का पसरायला?" चिमाजी ओरडला.

"मग राख."

शेजारच्या अंबूबाईंनी चुलीतली राख दिली, नारळाची शेंडी दिली, वर फुकटचा सल्लाही दिला. "जोर लाव की! सणाचं जेवला न्हाईस व्हय?"

खरंच जेवला नव्हता बिचारा. तरी त्याने जीव खाऊन घासलं. लाल गेलं. मग पांढरंही गेलं. खालून हिरवं निघालं, आणि हिरव्यावर पिवळी अक्षरं.

कोंडाजीने एकेक अक्षर जुळवून वाचलं, "व-रा-ती-सा-ठी भा-ड्या-ने मि-ळे-ल."

"अगं बाई! नव्या गाडीत ह्ये बी येतं?" अंबूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात साहेब विडा चघळत बाहेर आले. चिमाजीने कान धरले. साहेबांनी दार पाहिलं आणि त्यांचा विडा घशातच अडकला. आतून कुसुमताईंचा आवाज येत होता, "नाही हो पाटलीणबाई, दुसऱ्याने वापरलेली वस्तू आमच्या ह्यांना खपतच नाही!"

"चिमाजी," साहेब कुजबुजले, "तो बैल कुठाय रे?"

"ग-गेला, साहेब."

"रंग हाय की शिल्लक," कोंडाजीने डबा पुढे केला.

कुसुमताई बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. अख्खं दार लालेलाल!

"अगं, बैलाने शिंग घासलं," साहेब शांतपणे म्हणाले. "मुकं जनावर ते. चिमाजीची काही चूक नाही."

चिमाजीने मान डोलावली. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, आणि दहाही बोटं लालभडक होती.