पहिली निवड : बळवंत सोनटक्के

फुटबॉलमधलं भविष्य सांगावं तर मीच! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर आणखी मोठी मारली असती.

नेदरलँड्समधल्या आमच्या नायमेखन गावच्या मराठी मंडळात दर नोव्हेंबरात फुटबॉलचे सामने होतात, कारण मैदान तेव्हाच मोकळं मिळतं. डच माणसाला अक्कल आहे, तो त्या थंडीत घरी बसतो. चार संघ, प्रत्येकी आठ खेळाडू. सात मैदानात, एक राखीव. आणि खेळाडू वाटून घ्यायला ड्राफ्ट! म्हणजे चार कप्तान (ते स्वतः खेळत नाहीत) एका हॉलमध्ये बसतात आणि नाव नोंदवलेल्यांतून आळीपाळीने एकेक माणूस उचलतात. ही अमेरिकन पद्धत आमचा अध्यक्ष ऋषभ याने आणली. तो दोन वर्षं अमेरिकेत होता, तेव्हापासून त्याला साधं काही चालत नाही.

मी 'वाल वाघ' संघाचा कट्टर चाहता. (वाल ही आमच्या गावची नदी, उसळीशी संबंध नाही.) ड्राफ्टच्या आठवडाभर आधी वाघ कोणाकोणाला उचलणार याचं भाकीत मी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. गेल्या तीन वर्षांत चोवीस नावांपैकी तीन बरोबर आली, आणि तिन्ही वेळा ते नाव माझंच होतं. सगळ्यात शेवटी उरलेला माणूस वाघांच्या गळ्यात पडतो, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा!

यंदा मात्र मला खेळायचं होतं. तीन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून मी बाकावर बसून संत्री सोलली. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या आर्याने शाळेत 'माझे बाबा फुटबॉल खेळतात' असं चित्र काढलं. चित्रात मी बाकावर, मांडीवर टॉवेल, हातात संत्रं! बाईंनी खाली हसरा चेहराही काढला होता. मला ते फार लागलं. मी आर्याला शब्द दिला, "यंदा बाबा गोलमध्ये उभा राहणार."

"शुअर?" तिने विचारलं.

"शंभर टक्के!"

माझा बेत असा. नाव-नोंदणीचा ऑनलाइन तक्ता माझ्याच ताब्यात होता. त्यात अस्तित्वातच नसलेला एक जबरदस्त गोलकीपर घालायचा. भाकितात त्याला पहिला नंबर द्यायचा. वाघांचा कप्तान मोरेश्वर सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, कोणाला ओळखत नाही, तो भुलणार. सामन्याच्या दिवशी तो गोलकीपर काही उगवणार नाही. मग गोलमध्ये कोण? राखीव गोलकीपर अनुप, म्हणजे अस्मादिक!

नाव ठेवलं बळवंत सोनटक्के. आमच्या आयटीतल्या लोकांत बळवंत नावाचा माणूस सापडणं शक्य नाही, याची मला खात्री होती. पुढची माहिती तर हाताखालून आपोआप वाहत गेली. मूळ गाव कोल्हापूर, तिथल्या तालमीकडून गोलकीपर. डावखुरा. डाव्या हाताची करंगळी वाकडी. ही करंगळी कुठून आली, मलाच कळेना! पण इतकी खरी वाटली की तशीच राहू दिली.

ड्राफ्टच्या रविवारी हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. मोरेश्वर उभा राहिला, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाला, "पहिली निवड, बळवंत सोनटक्के."

मी मनात टाळी वाजवली. दुसरी फेरी आली. मोरेश्वरने माझ्या भाकितातलं दुसरं नाव घेतलं. तिसऱ्या फेरीत तिसरं. मग चौथं! त्याच क्रमाने! बाकीच्या तीन कप्तानांनी माझ्या यादीतल्या एकाही माणसाला हात लावला नाही. सहाव्या नावाला हॉलमधली कुजबुज थांबली. सातव्याला लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. आठव्याला मोरेश्वरने माझं नाव वाचलं आणि कागदाची घडी पुन्हा खिशात घातली.

आठापैकी आठ! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदाचा नव्हे, वेगळाच. चोवीसात तीन बरोबर येणारा माणूस मी. हे कोण माझ्याकडून लिहून घेत होतं?

त्या संध्याकाळी संघाच्या ग्रुपमध्ये एक नवा नंबर आला. फोटोच्या जागी नुसतं करडं वर्तुळ.

"नमस्कार. मी बळवंत सोनटक्के. निवड केल्याबद्दल आभारी आहे. शनिवारी सरावाला येतो."

माझ्या हातातला वरणभाताचा घास ताटात पडला. "काय झालं?" धम्मदीपाने, माझ्या बायकोने विचारलं. सांगायची सोय नव्हती. भूत सांगायचं तर आधी कारस्थान सांगावं लागलं असतं! "ऑफिसचं आहे," मी म्हटलं आणि जेवण तसंच टाकून उठलो.

शनिवारी दुपारी मैदानावर असं धुकं होतं की आपल्याच बुटांकडे वाकून बघावं लागत होतं. नदीवरून जाणाऱ्या मालवाहू बोटींचे भोंगे ऐकू येत होते, बोटी दिसत नव्हत्या. आम्ही सगळे जमलो. आणि धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा लक्षात आलं की लांबच्या गोलमध्ये कोणीतरी आधीपासून उभं आहे.

"कधी आले हे?" मी मोरेश्वरला विचारलं.

"काय माहीत! मी सगळ्यात आधी आलो, तेव्हाही होते."

माणूस हळूहळू धुक्यातून पुढे आला. त्याने डावा हात पुढे केला. मी हात हातात घेतला आणि खाली पाहिलं. करंगळी वाकडी होती!

"अनुपराव," तो मंद हसत म्हणाला, "ओळखलं मी तुम्हाला. आपली तशी जुनी ओळख आहे."

"आपली?" माझा आवाज चिरकला.

"तुमच्यामुळेच तर मी इथे आहे!"

एक सांगतो, लोकांना मुलं होतात. मला तक्त्यातून चाळीस वर्षांचा गोलकीपर झाला होता! आणि खेळायचाही असा की मैदानात आवाज होत नसे. चेंडू सुटायचा आणि त्याच्या हातात जाऊन गप्प व्हायचा. घरी आल्यावर ग्रुपवरचा सरावाचा फोटो मी मोठा करून पाहिला. मोरेश्वर सोडून सात माणसं. मी पुन्हा मोजली. सातच! त्यात बळवंत नव्हता! कॅमेऱ्यात न येणारी मंडळी कोण असतात हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मी देवाला हात जोडायच्या बेतात होतो, इतक्यात आठवलं की फोटो त्यानेच काढला होता.

तरी शंका जाईना. मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. तक्त्यात त्याच्या नावापुढे गुपचूप एक ओळ वाढवली: 'चहात गूळ घालतो.' पुढच्या शनिवारी चहाचा थर्मास उघडला तसा बळवंतने पिशवीतून गुळाची छोटी ढेप काढली आणि आपल्या कपात एक खडा टाकला. मग थर्मास धरलेल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला?"

मी घेतला. नाही कोण म्हणणार!

आता मला खरी भीती वाटू लागली. मी लिहितो ते या माणसाच्या बाबतीत खरं होत होतं! आणि तेवढ्यात मनात पाप आलं. याला एवढं आपल्या शब्दाने चालवता येतंय, तर सामन्याच्या दिवशी घरी बसवता नाही येणार? आर्याला दिलेला शब्द होता. दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. बुधवारी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत तक्ता उघडून घाईघाईने लिहिलं: 'उजवा गुडघा दुखरा.'

शनिवारी बळवंत उजव्या गुडघ्याला जाड पट्टा बांधून आला.

माणसाचा गुडघा मोडला होता मी! एका संत्र्याच्या चित्रापायी! मी तिथेच मोबाइल काढून ती ओळ खोडली, पण पट्टा काही सुटला नाही. बळवंत मात्र त्याच पट्ट्यानिशी उड्या मारत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघून मान डोलवत होता. मी एकही चेंडू नीट बघू शकलो नाही.

साडेचारला अंधारायला लागलं. सगळे पांगले. बळवंत सायकलवर बसला आणि मी ठरवलं, आज बघायचंच, हा जातो कुठे. त्याचा मागचा लाल दिवा धुक्यात लुकलुकत पुढे, मी माझा दिवा बंद करून मागे. (इथे त्याला दंड होतो. मला त्या वेळी पोलीस भेटला असता तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो!) तो पुलावरून उतरला, मीही त्याच पुलावरून घरी जातो. तो तुर्की बेकरीपाशी डावीकडे वळला, मीही तिथेच वळतो. एकेक वळण माझं येत गेलं. शेवटी तो लाल दिवा थांबला. माझ्या इमारतीसमोर! वर खिडकीत उजेड होता. आत धम्मदीपा आणि आर्या दोघीच होत्या!

मी सायकल फेकली. "खबरदार!" असं ओरडलो. (आयुष्यात पहिल्यांदाच!) "कोण आहेस तू?"

तो दचकून वळला. हातात किल्ली होती. "अनुपराव? अहो, मी बळवंत. खालचा."

"खालचा म्हणजे... किती खालचा?"

"तळमजल्यावरचा," तो म्हणाला. "तुमच्या खाली राहतो, दोन वर्षं झाली. मंगळवारी माझं पार्सल तुमच्याकडे ठेवलंय पोस्टवाल्याने. मी घेऊन जाऊ का?"

दाराच्या घंटीशेजारी त्याच्या नावाची पट्टी होती. स्वच्छ अक्षरात: ब. सोनटक्के.

मग मला एकेक गोष्ट दिसू लागली. हा माणूस एका प्रयोगशाळेत पाळीवर काम करतो, दिवसा घरी नसतो. त्याची पार्सलं पोस्टवाला आमच्याकडे देतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव, खाली कोल्हापूर, आणि आतून येणारा कांदा-लसूण चटणीचा वास. एकदा तर गोलकीपरचे हातमोजे आले होते, पाकिटावर चित्रच होतं. घंटी वाजली की मी कानाला फोन लावून दार उघडायचो आणि खोकं पुढे करायचो. समोरून एक डावा हात यायचा, वाकड्या करंगळीचा. दोन वर्षांत त्या हाताच्या वर मी कधी बघितलंच नव्हतं!

"पण... गूळ?" मी विचारलं.

"तक्त्यात लिहून आलं होतं ना? म्हटलं मंडळाची प्रथा असेल."

"आणि गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे! पण परवा तक्त्यात तशी नोंद दिसली. म्हटलं मंडळाला काळजी वाटत असेल, उगाच कशाला शब्द मोडा. म्हणून पट्टा बांधला." मग तो म्हणाला, "ड्राफ्टच्या दुपारीच आपल्या भारतीय वाण्याच्या दुकानात मोरेश्वररावांनी निवडीची यादी लावली होती. पहिलंच नाव माझं! मी दोनदा वाचलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुमचं नाव अनुपरावांनी घातलंय. एवढं बारीक माझ्याकडे लक्ष आहे तुमचं, मला कल्पनाच नव्हती. आईला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, इथे आपलं माणूस आहे म्हणून."

धुकं होतं ते एक बरं. मला माझी भयंकर लाज वाटली, आणि ती नुसती वाटून थांबेना.

वर जाऊन धम्मदीपाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दोन वर्षं माणूस खाली राहतोय. आणि तुला तो आठवला कधी? तर नसलेला माणूस हवा होता तेव्हा!"

आठापैकी आठ भाकितांचं गूढ तेवढं राहिलं होतं. ते मोरेश्वरने फोनवर उलगडलं. "भाकीत? कसलं भाकीत? अहो, मला वाटलं कार्यकारिणीने आधीच ठरवून यादी पाठवलीय! बाकीच्या कप्तानांनाही मी तसंच सांगितलं होतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत सगळं आधी ठरतं आणि मग मीटिंग होते. इथे तसं नसतं का?"

सामन्याच्या दिवशी बळवंतच गोलमध्ये उभा राहिला. त्याला सांगून जागा मागता आली असती, त्याने हसत दिलीही असती, म्हणूनच मागितली नाही. आर्या माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. दिलेला शब्द मोडल्याबद्दल काय सांगायचं, याची तीन भाषांत तयारी मी करून ठेवली होती. तेवढ्यात बळवंतने एक अशक्य गोल अडवला आणि आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला.

"आर्या," मी घसा साफ करून म्हटलं, "ते जे काका आहेत ना, ते आपल्या..."

"दात इस बूरमान बळवंत!" आर्या म्हणाली. म्हणजे, तो तर आपला शेजारी बळवंत! "माझ्या सायकलची चेन तोच बसवतो. एव्हरी वीक. तू कॉलवर असतोस ना, बाबा."

मी पिशवीतून एक संत्रं काढून सोलायला घेतलं.

"तो म्हणतो, यू आर हिज बेस्ट फ्रेंड हिअर," ती पुढे म्हणाली. "इज इट ट्रू?"

मी म्हटलं, "अगदी तसंच नाही. पण आज रात्री आपण त्यांना जेवायला बोलावलंय." बोलावलं नव्हतं! पण निदान हे भाकीत तरी मी स्वतः खरं करणार होतो. लगेच धम्मदीपाला मेसेज टाकला: 'बळवंतला आज जेवायला बोलावू या का?'

तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'सहाला येतोय. मी कालच सांगून आले. येताना तेवढी कोथिंबीर आण.'