पुंजाजीभाऊंच्या पेशी

सोनाळ्यात माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर अर्धं वर गेलं की खालून शेजारच्या पुंजाजीभाऊंचं डोकं आत येतं. "आल्या काय बे पेशी?"

पेशी म्हणजे जणू तापाच्या गोळ्याच. काल संपल्या, आजच्या पार्सलात येतील, असा त्यांचा हिशोब. मी सांगून थकलो, "भाऊ, मूळपेशी दुकानात नाई भेटत." "मंग कोन ठेवते?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

कोण ठेवतं याचा शोध त्यांनीच सुरू केला. नजर चांगली असून, डॉक्टरला विचारता यावं म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरात रांग लावली. गुरांच्या डॉक्टरला गोठ्यात गाठलं. तो बिचारा म्हशीजवळ कोपरापर्यंत बरबटलेला, आणि हे विचारतायत, "मानसाच्या डोक्यात बसवता येते काय?" गाव हसलं. मीही हसलो.

पण ते हसू फार टिकलं नाही, कारण हा शोध कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. संग्रामपूरच्या रस्त्यावर गतिरोधकावरून भाऊंची मोटरसायकल उडाली, तेव्हा मागे बसलेली त्यांची बायको, गोकर्णावहिनी, डोक्यावर पडली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा झाला आणि बोलणं जवळजवळ बंद. त्या घरात बोलायचं काम तिचंच होतं, भाऊ नुसते हुंकार भरायचे.

भाऊंचा धंदा संत्र्याच्या कलमांचा. जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बांधण्यात हयात गेली. दुखावलेल्या मेंदूत पेशी सोडतात असं मोबाइलवर ऐकलं आणि त्यांना ते एका दमात पटलं. "खुंट जिता असला त डोळा धरते. तुही वैनी जिती हाय नं? मंग काऊन नाई धरणार?"

मी चिडून खोकी रचायला लागायचो.

शेवटी मीच दोघांना गाडीत घालून अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "यावर अजून संशोधन चालू आहे. काहींचे हातपाय थोडे सुधारलेले दिसतात. पण या पेशी तुमच्या कलमासारख्या धरत नाहीत, त्यांतून नवा मेंदू उगवत नाही. जखमी भागाला त्या आधार देत असाव्यात. खात्रीनं बरं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. व्यायाम करून घ्या, त्यांच्याशी बोलत राहा."

भाऊ टोपी चुरगाळत ऐकत होते. तेवढ्यात वहिनीच्या खुर्चीतून आवाज आला. "पुंजाजी! पानी दे."

मी दचकलोच. आमच्याकडे त्या पिढीतली बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

"असं कधीपासून?" बाईंनी विचारलं.

भाऊ कानापर्यंत लाल झाले. "घरी म्हनते कधी कधी. कोनाले सांगतलं नाई."

"मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की माणसाचा संकोच सुटतो. उद्या चांगला उपचार निघाला, तर हेही कदाचित थांबेल."

भाऊंनी तिला घोट घोट पाणी पाजलं, हनुवटी पुसली, आणि बाईंकडे न बघता हळूच म्हणाले,

"तिचा हात दुरुस्त करा, बाई. बोलनं दुरुस्त करा. पन हे तेवढं राहू द्या."