एका चहाचा फरक

माणूस विमानात बसला की उत्पन्न असतो आणि विमानात उभा राहिला की खर्च. हवाई अर्थशास्त्राचा हा पाया. आमच्या कंपनीच्या तौलनिक मनुष्यखर्च समितीचा सचिव या नात्याने तो मी डोळ्यांत तेल घालून सांभाळला.

समितीला असं आढळलं, की समोरच्या कंपनीचा पगारखर्च आमच्याहून कमी आहे. त्यांच्या विमानात चार हवाईसुंदऱ्या, आमच्यात पाच. आम्ही ताबडतोब तीन केल्या. (स्पर्धेत बरोबरी म्हणजे पराभवच.) त्यांनी दोन केल्या. मग आम्ही एकच ठेवली. ती एक म्हणजे माझी सख्खी मेव्हणी. वशिल्याने नव्हे हो; आजारी पडायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"भावोजी," ती जेवता जेवता म्हणाली, "एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कुणाचं तरी रडणारं पोर. वेळ आली तर दरवाजा काय दातांनी उघडू?"

मी मुद्दा समितीपुढे ठेवला. दात हे अद्याप वापरात न आलेलं मनुष्यबळ आहे, असं एकमताने ठरलं.

"मला तरी काढणार नाही ना?" तिने हळूच विचारलं. "घरात कमावती मी एकटीच." माझ्या पोटात तुटलं. (पोटात तुटण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती.)

शेवटी मला समोरच्या कंपनीत अभ्यासदौऱ्यावर पाठवण्यात आलं. रस्ता ओलांडला की त्यांची कचेरी. तिथल्या समितीचे सचिव, एक टकलू गृहस्थ, घाम पुसत बसले होते.

"इतक्या कमी माणसांत कसं हो भागवता तुम्ही?" मी विचारलं.

"कसलं भागवतोय! तुमच्या पाच आहेत म्हणून कळलं, तेव्हा आमच्या सहा होत्या. साहेबांना लाज वाटली, म्हणून अहवालात चार छापल्या. थापच ती! तर तुम्ही खरोखर तीन केल्यात. मग काय, आम्हालाही खरं वागावं लागलं. आता उद्यापासून आमच्याकडे एकही नाही."

मी धापा टाकत परतलो आणि सगळं सांगून टाकलं. समितीने सत्याबद्दल माझे आभार मानले आणि मेव्हणीला काढलं. थाप कुणाची का असेना, त्यांचं तिकीट एका चहाएवढं स्वस्त झालं होतं आणि प्रवासी तिकडे धावत होते. मेव्हणी आता आमच्याकडे जेवायला येत नाही. बायको माझ्याशी भिंतीकडे बघून बोलते.

तुम्ही म्हणाल, अरेरे, काय ही माणसं! तुमचं मन हळवं आहे, आम्हाला ठाऊक आहे. मागच्या खेपेला दोन तिकिटांत एका चहाचा फरक होता, तेव्हा तुमचं बोट कुठे टेकलं, तेही ठाऊक आहे. या, बसा. तुमची जागा मुद्दाम दरवाजालगत ठेवली आहे. वेळ आलीच, तर तो तुम्हालाच उघडायचाय.

दात शाबूत आहेत ना?